जॉर्जच्या खानावळीतली सुरी कोणी धरावी

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

मी, सिल्व्हिया जॉर्ज पारखे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा खानावळ, धर्म ख्रिस्ती, राहणार बेलापूर, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. मजकूर माझा, कायद्याचे शब्द तेवढे वकील निकिताबाईंचे. मृत्युपत्रात गप्पा लिहायच्या नसतात असे त्या मला बजावत होत्या. पण मेल्यावर मला कोण बोलू देणार आहे?

मला दोन अपत्ये. थोरला पॉल, नगरला एमआयडीसीत कामाला आहे. धाकटी सारा, नवरा वारल्यावर माहेरी आली आणि माझ्याबरोबर खानावळ चालवते. बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. पुलाजवळची खानावळ माझ्यामागे कोणाची, यावरून दोघांनी कोर्टाची पायरी चढू नये, एवढ्यासाठी हा कागद आहे. बाकीची वाटणी सोपी आहे, ती आधी उरकते.

कलम १. राहते घर मी मुलगा पॉल यास देते. अंगणातली कागदी लिंबाची झाडेही त्याचीच. मात्र खानावळीला लागतील तेवढी लिंबे साराला तोडू द्यावीत आणि तोडताना दारात उभे राहून बघत बसू नये.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझे दफन साधेपणाने करावे. उरलेले दोघांनी निम्मे निम्मे घ्यावे.

कलम ३. मोठे पितळी पातेले चर्चला द्यावे. आजवर प्रत्येक सणाच्या जेवणाला ते माझ्याकडूनच गेले आणि प्रत्येक वेळी बूड करपवूनच परत आले. आता ज्यांनी करपवले त्यांनीच घासावे.

कलम ४. माझ्या धाकट्या जाऊबाई. माशाचा वास येतो म्हणून त्यांनी आमच्या खानावळीत कधी पाय ठेवला नाही. पण ईस्टरआधीच्या उपवासकाळात मटण वर्ज्य, म्हणून दर शुक्रवारी कालवणासाठी माशाचे डोके मागायला त्या मागच्या दाराशी हजर. त्यांना ते डोके पुढेही फुकट द्यावे. फक्त पुढच्या दाराने, चार गिऱ्हाइकांदेखत द्यावे.

कलम ५. खानावळ. जागा, इमारत, भांडी आणि परवाना, सगळे माझ्या नावावर आहे. माझे पती जॉर्ज यांनीच ते हयातीत करून ठेवले. हे सर्व मी माझी मुलगी सारा हिला देते. का देते, ते लिहिल्याशिवाय मला सही करवणार नाही.

आमचे लग्न झाले तेव्हा जॉर्ज नगरच्या कॅम्पात एका साहेबाच्या स्वयंपाकघरात मदतनीस होते. माशाचे मांस काट्यांवरून अख्खे कसे सोडवायचे, ते तिथे शिकले. आमच्याकडे तेव्हा मासा म्हणजे विळीवर केलेले काट्यासकट आडवे तुकडे. पोरांच्या घशात काटा अडकला की वर सुक्या भाकरीचा मोठा घास गिळायला लावायचे, हेच औषध. सासरे वारल्यावर गावी परतायचे ठरले, तेव्हा जॉर्ज म्हणाले, आपण काटा काढून मासा वाढायचा.

त्यासाठी सुरी हवी होती. नगर सोडायच्या आधी ते मला बाजारात घेऊन गेले. मी लग्नातली साडी नेसले. मला वाटले, बांगड्या घ्यायला नेत आहेत. नेले ते चाकू-सुऱ्यांच्या दुकानात. तिथे त्यांनी दुकानदाराकडे साबण आणि पाणी मागितले, हात बुळबुळीत करून घेतला आणि त्या हाताने एकेक सुरी धरून बघू लागले. दुकानदार वैतागला. म्हणाला, "अहो, घ्यायची का धुवायची?" जॉर्ज म्हणाले, "दादा, मरळ कापताना हात असाच ऱ्हातो. कोरड्या हातात काय, कुनाचीबी सुरी बसती."

मग पात्याचे टोक अंगठ्याने दाबायचे, ते वाकले पाहिजे. सोडल्यावर एक डोळा मिटून बघायचे, ते सरळ झाले पाहिजे. पाते वीतभर आणि वर दोन बोटे, अरुंद, टोकाला पातळ आणि मुठीजवळ घट्ट, म्हणजे कण्यावरून चालताना हाडाच्या बाजूबाजूने जाते, हाडात शिरत नाही. मूठ आणि पाते जिथे मिळतात तिथे बोट अडेल असा उंचवटा हवा, नाहीतर सुरी माशाआधी आपल्यालाच कापते. एवढे सगळे जमलेली एक निघाली. ती त्यांनी माझ्या हातात दिली. "तू धर. तुज्या हाताला बसली तरच घिऊ. मी आजारी पडलो तर कोन कापंल?"

बांगड्या त्या दिवशी मिळाल्या नाहीत. त्याची खंत नाही असे लिहिले तर खोटे होईल, थोडी आहे. पण नव्या नवरीला कोणी असे विचारलेले मी दुसरीकडे पाहिले नाही.

त्या सुरीवर आम्ही संसार केला. भंडारदऱ्याकडून बर्फातला मासा यायचा, नदीला पाणी असले की भोई लोक ताजी मरळ आणून द्यायचे. मरळ आणि चिलापी सुरीला छान सुटतात. रोहूत बारीक काटे राहतातच, त्याला बिनकाट्याचा म्हणणारा खोटारडा. जॉर्ज त्याच्यावर अगदी जवळ जवळ चिरा पाडून त्याला कडक तळायचे आणि गिऱ्हाइकाला आधी सांगायचे, "जपून खावा, ह्यो रोहू हाय." खवले उडत असायचे, ते गुणगुणत असायचे, मी भाकरी थापत असायचे. आज तो आवाज आठवला की हातातले काम थांबते. मला ते फार आठवतात.

ते अंथरुणाला खिळले त्या वर्षी सुरीची मूठ चिरली. पॉलने मनावर घेतले की बाबांची सुरी मी नवी करून देतो. पात्याची मुठीत जाणारी शेपटी तापवून लाकडात ठोकायची, ही रीत त्याला माहीत होती. तापवताना पात्याला ओले फडके गुंडाळायचे असते, ते राहिले. त्याने सबंध सुरी चुलीत धरली. पाते निळे पडले, पोलादाचे पाणी उतरले, माशाला लागणारी धार टिकेना. मूठ मात्र सुरेख बसवली होती. सारा भरल्या खानावळीत ओरडली, "बाबांचा हातच तोडला रे तू!" जॉर्जनी पडल्या पडल्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चालंल. कांदा कापू." त्या दिवसापासून पॉल खानावळीची पायरी चढलेला नाही. बापाच्या मातीनंतर जेवायलासुद्धा नाही.

सारा, तू हे वाचशील तेव्हा मी नसेन, म्हणून स्पष्ट लिहिते. तो मायेपोटी करायला गेला होता. तू लोकांदेखत बोलायला नको होतेस.

पुढे नवी सुरी घ्यायची वेळ आली. एक नगरच्या मोठ्या दुकानातली बघितली. दिसायला चकचकीत, पण पाठ जाड, वाकायचे नाव नाही. एक मोबाईलवरून मागवली, ती एवढी वाकायची की कण्याला लागली की माशाबाहेर निघायची. शेवटी सारा कल्याण लोहाराकडे गेली. लोखंड कापायच्या मोठ्या करवतीचे जुने पाते घासून त्याने सुरी केली, आणि घासताना तापून पाणी उतरू नये म्हणून ती सारखी पाण्यात बुडवायला सारा तिथेच बसली. मूठ निवडायला ती घरून डब्यात मरळीचा बुळबुळीत चिकटा घेऊन गेली होती. कल्याण मला म्हणाला, "काकू, तुमची लेक लई बेनं हाय. माझं दुकान आठ दिस नासलं." बापाची साबणाची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. मी मनाशी ठरवले ते तेव्हा.

पॉल म्हणतो, "आई, पुलाजवळची जागा हाय. गाळे काढू, बसून खाशील." त्याचेही चुकत नाही. पण साराला बसून खाता येत नाही, तिला कापताच येते. खानावळ गेली तर तिने काय धरावे? पॉलला नोकरी आहे, घर आहे. म्हणून खानावळ साराची. मला भीती एवढीच आहे की माझ्यामागे लोक पॉलचे कान भरतील, म्हातारीला पोरीने गुंडाळले म्हणतील, आणि तो हा कागद मोडायला जाईल. त्याने तसे करू नये, ही आईची विनंती समजावी. विनंतीला कायद्यात किंमत नाही असे निकिताबाई म्हणतात.

यात न लिहिलेले किंवा कायद्याने ज्याला देता न आलेले जे काही उरेल, तेही सारा हिला द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सारा हिने करावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

सहीपूर्वीची पुरवणी. वर लिहिलेला मजकूर घेऊन मी आज वकिलांच्या कार्यालयात आले. गाडीतून पॉलनेच आणले. कशासाठी ते त्याला सांगितले नव्हते. साक्षीसाठी आमचे शेजारी अमृत आणि कल्याण लोहार यांना बोलावले होते. कल्याण आला, अमृतचा टेम्पो राहुरीला बंद पडला. पॉल बाहेर बसला होता. निकिताबाईंनी त्याला विचारले, कोणी ओळखीचे माणूस मिळेल का? तो आत आला आणि कागद मागू लागला. मी दिला. त्याने उभ्यानेच सगळा वाचला. मी त्याच्या तोंडाकडे बघू शकले नाही.

मग म्हणाला, "मी सही करतो."

निकिताबाईंनी त्याला समजावले की साक्षीदाराला या कागदाने काहीही मिळत नाही, असा कायदा आहे. घर जाईल, बँकेतला निम्मा वाटा जाईल, आणि उरेल ते साराला असे लिहिलेले असल्यामुळे सगळे साराकडे जाईल. मीही म्हणाले, "नगं रं बाबा, अमृतची वाट बघू."

तो म्हणाला, "आई, माझीच सही असली तर उद्या कोन मोडायला येईल? सारीला कोर्टात उभं ऱ्हावं लागाय नगं." आणि मग हळूच, "मला घर हाय नगरला. तिला कुटं हाय?"

मला रडू आले. कल्याणही खिडकीतून बाहेर बघत राहिला.

हा सर्व मजकूर मी वाचला, मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत मी सही केली आणि माझ्यादेखत त्यांनी.

सिल्व्हिया जॉर्ज पारखे
(मृत्युपत्र करणार)

ठिकाण: श्रीरामपूर
दिनांक: १२ मार्च २०२६

साक्षीदार:

१. कल्याण लोहार, राहणार बेलापूर. सही.

२. पॉल जॉर्ज पारखे, राहणार अहिल्यानगर. नाते: मुलगा, आणि साराचा भाऊ. मला यातून काही मिळणार नाही हे वाचून, समजून, राजीखुशीने सही.