खाडीपलीकडची लिली आणि आजोबांचं बूच

गोतो बेटं, २० ऑगस्ट

प्रिय तोमिएताई,

मनापासून नमस्कार. उकाडा अजून उतरायचं नाव घेत नाही. तुझे गुडघे नागासाकीच्या त्या चढावर कसे तग धरतायत? मी ठणठणीत आहे.

तुला होस्टेलातली शनिवारची दुपार आठवते? चहाची ती मोठी केटली, आत पांढरा खरखरीत थर, आणि सिस्टर क्लेमेन्सनी आपल्या दोघींच्या हाती दिलेली व्हिनेगरची बाटली. तू ओतायचीस, मी ढवळायची, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत आपल्या दोघींच्या हातांना लोणच्याचा वास यायचा. सिस्टर म्हणायच्या, ज्या मुलीला केटली साफ करता येते तिला जगात काहीही साफ करता येतं. मला वाटायचं, त्या पापांबद्दल बोलतायत. आता कळलं, त्या जेट-स्कीबद्दल बोलत होत्या.

हो, आमच्या ह्यांची, यासुओंची जेट-स्की. (तिसऱ्या मालकाकडून घेतलेली, रंग उडालेली, दोन जणांची. घेतल्यावर ते जेमतेम दोन उन्हाळे जगले.) खाडीपलीकडे जाणारी फेरीबोट वसंतात बंद झाली, आणि चर्च पलीकडे, यासुओ चर्चमागच्या दफनभूमीत. शिनगो फुकुओकाहून फोनवर म्हणाला की आई, तू आता माझ्याकडे राहायला ये. मी म्हटलं, मी परवाना काढलाय. (वर्गात चौदा पुरुष आणि मी. गाठी बांधण्यात पहिली आले.) तेव्हा ठरलं ते असं : पंधरा ऑगस्टला, मरियामातेच्या सणाला, मी न तापणाऱ्या इंजिनावर लिलीची फुलं घेऊन वेळेत पलीकडे पोहोचले, तर घर माझं. नाही पोहोचले, तर गुपचूप सामान बांधायचं. आता मला सांग, त्याच्या सातव्या मजल्यावरच्या घरात मी काय करू? कुंडीत मासे पाळू?

कारण जून महिन्यापासून ही बया तापायला लागली होती, आणि ते शिनगोला ठाऊक होतं. पाच मिनिटं झाली की भोंगा वाजायचा. तिची रीत अशी, ताई : पोटाखालच्या जाळीतून समुद्र प्यायचा, तो इंजिनाभोवती फिरवायचा आणि कुशीतल्या भोकातून बारीक धारेने बाहेर टाकायचा. धार दिसते तोवर तब्येत बरी. धार नाही, म्हणजे ताप. तिला किनाऱ्यावर कलती करून जाळीत हात घातला तर समुद्रशेवाळाची वेणी निघाली, वर एक प्लास्टिकची पिशवी. तरी धार रडकीच. मग नळी जोडून पाहिली तर आतून पांढरे कण. मीठ! केटलीच की ही! व्हिनेगर पाण्यात मिसळून आत भरलं, चार तास ठेवलं, मग गोड्या पाण्याने धुतलं. (आधी इंजिन चालू, मग नळ, थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. उलटं केलंस तर पाणी इंजिनाच्या पोटात.) धार अशी सुटली, जणू तान्ह्या मुलाने अंगावर केली. (सिस्टरनी हे वाक्य लाल शाईने खोडलं असतं.)

दोन दिवसांनी पुन्हा भोंगा. धार बंद! मी जाळी तपासली, नळ्या काढल्या, थर्मोस्टॅट बदलला, हरवलेलं शोधून देणाऱ्या सेंट अँथनीला दोन मेणबत्त्या लावल्या. सणाला चार दिवस उरले होते, आणि शिनगोने माझ्यासाठी पडदेसुद्धा घेतले होते. शेवटी कंटाळून भिंगाचा चष्मा लावून भोकच शोधायला गेले, तर भोकच नाही! त्या जागी देवदाराचं बूच, रंधा मारून सपाट केलेलं, वर मेण. इतकं सुबक काम या गावात एकच माणूस करतो.

शेजारचे ओकुरा आजोबा. वय अठ्ठ्याऐंशी, सगळा जन्म लाकडी बोटी बांधण्यात गेलेला. विधवेच्या बोटीतून पाणी गळतंय हे त्यांनी पाहिलं आणि आपल्या गावच्या रीतीप्रमाणे, मी दुपारी लवंडले असताना गुपचूप बुजवून टाकलं. कुणाची बोट गळते हे तोंडावर बोलायचं नसतं ना आपल्यात! मग मी तरी कसं बोलू? रताळ्याचे मोची, आपले ते चिकट तांदळाचे लाडू, घेऊन गेले आणि हवापाण्यावर अर्धा तास घालवला.

“आजोबा, बोट आता थेंबभरही गळत नाही हो.”

“गळत होती? मला काय ठाऊक!”

“पण हिला ना... गळायलाच लागतं. नाही गळली तर तापते.”

आजोबांनी दुसरा मोची उचलला. मग म्हणाले, “तोंड बंद केलं की तापायची. आमची म्हातारी अशीच होती.” उठले, पटाशी घेतली, स्वतः बूच काढलं आणि भोकाची कडही गुळगुळीत करून दिली.

पंधरा तारखेला, ताई, मी बारा मिनिटांत खाडी पार केली. भोंगा एकदाही वाजला नाही. पाठीवर लिली, कुशीला ती धार, उन्हात चकाकणारी. फुलं वेदीवर ठेवली आणि यासुओंना जाऊन सांगितलं, चालते हो तुमची. घर राहिलं, ताई. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मला माझा एवढा अभिमान वाटला की फादरकडे त्याचीही कबुली द्यावी लागली.

तुझी,
इत्सुको

ता. क. : परतताना पेट्रोल संपलं. फादरनी वल्ह्याच्या होडीला बांधून मला घरी आणलं. शिनगोने फक्त तापण्याबद्दल विचारलं, मी फक्त तापण्याबद्दल सांगितलं. पेट्रोल वेगळा विषय आहे.

ता. क. २ : शिनगोने मागाहून एक अट घातली, आईने एकटीने जायचं नाही, मागे कुणीतरी हवंच. मी म्हणून बसले, तोमिएताई येऊन राहणार आहे. तुला न विचारता. तेही फादरना सांगितलं. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी हे पत्र लिहायला लावलं आहे.

सोबतच्या पेटीतलं वाटप : कॅमेलियाचं तेल तुझ्या सुनेला. सुके उडते मासे शेजारच्या डॉक्टरीणबाईंना, तुझ्या गुडघ्यांकडे त्या बघतात म्हणून. मोची सिस्टर क्लेमेन्सच्या थडग्याशी ठेव आणि मग तूच खा. तळाशी नारिंगी लाइफ-जॅकेट आहे, यासुओंचं. ते कुणाला देऊ नकोस. दोन्ही बाजूंनी शिवून तुझ्या मापाचं करून घेतलंय.