डावीकडे उठणं

१२ नोव्हें., बुध.
परत आली. कमरेच्या सांध्यातून डाव्या जांघेत उतरते ती कळ. (यापुढे डा.जां. एवढंच, रोज कोण लिहीत बसणार.) खो-खोच्या सरावात चौकोनात बसले की टोचते, खो मिळून उठले की जीव काढते. पळायला लागले की गायब. मग वाटतं, भासच असेल.

१५ नोव्हें.
युक्ती काढली. खो मिळाला की कायम उजवीकडेच उठायचं, म्हणजे डा.जां. गप्प. पळणारी डावीकडे असली तर खांबाला वळसा घालून गाठायची. सर काही बोलले नाहीत. शेजारच्या चौकोनातली वैशूही नाही. मी स्वतःवर खूश.
दुपारी शेक घेत पडले. भातकुली रोडच्या आमच्या शेतात शेवंतीच्या वाफ्यांतून पळत होते, अनवाणी, पाय जमिनीला लागतच नव्हते. मागून कुणीतरी खो देणार म्हणून... जाग आली तर आई शेजारी हार गुंफत बसलेली. सकाळ की संध्याकाळ ते बराच वेळ कळेना. कळावं असंही वाटेना.

१९ नोव्हें.
फिजिओ मॅडम, कॅम्पातल्या दवाखान्यात. त्यांनी पाय दुमडून छातीशी नेला तेव्हा मी छताकडे बघून हसले. ते हसणं त्यांनी बरोबर ओळखलं. संक्रांतीपर्यंत उकिडवं बसणं बंद, झटक्यानं वळणं बंद. गुडघ्यांत उशी धरून दाबायची. विद्यापीठाच्या संघाची निवड त्याआधीच आहे, वयाच्या अटीत माझं हे शेवटचं वर्ष, सगळं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "पाय त्यानंतरही वापरायचाय ना?"
आईला सांगितलं, पाय लचकलाय.

२३ नोव्हें., रवि.
अकोल्याला मैत्रीचा सामना. हरलो. त्यांची एक उंच मुलगी दरवेळी नेमकी माझ्या डावीकडे सटकायची. नंतर नळावर भेटली. "तू उजवीकडंच उठतं नं वं? आमी तवाच वळखलं." बोलण्यात खोच नव्हती, म्हणून जास्त लागलं. मी समजत होते झाकली मूठ, आणि अख्ख्या मैदानाला दिसत होतं.
परतीच्या गाडीत सर शेजारी येऊन बसले. मूर्तिजापूर गेल्यावर बोलले. "निवडीत एकदा डावीकडं उठून दाखव. नाई तर तुया जागी वैशूले घेतो." बाहेर तूर फुलावर आलेली, पिवळं पिवळं सरकत होतं. बडनेरा येऊच नये असं वाटत राहिलं.

५ डिसें.
खेळ बंद. उशी, शेक, झोप. दिवस उन्हात घातलेल्या गादीसारखे ऊबदार, एकातून दुसरा कधी लागतो कळत नाही. डा.जां. गप्प. पण मी स्वप्नातसुद्धा उजवीकडेच उठते. स्वप्नात तरी कशाला घाबरायचं? चीड आली.
वैशू संत्री घेऊन आली होती. निवडीचा विषय दोघींनीही टाळला. जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "तू ये. तू नसली तं मले जागा भेटल्यावानी वाटणार नाई." भारी पोरगी आहे.

१४ डिसें.
निवड झाली. मॅडमना न विचारता गेले.
चौकोनात बसले तेव्हा सगळं लांब लांब वाटत होतं, चुन्याच्या रेषा, शिट्टी, ऊन. वैशूनंच मागून येऊन पाठीवर हात मारला. खो. पळणारी डावीकडे. खांदा सवयीनं उजवीकडे निघाला होता, तो ओढून आणला. उठले. गाठली तिला. सरांनी नुसती मान हलवली आणि पुढचीला बोलावलं.
घरी ऑटोतून उतरताना डावा पाय उचलेना. हातानं धरून बाहेर ठेवला. आईनं दारातून पाहिलं. मग काय, सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. खांद्याचा आधार देऊन आत आणलं, बसवलं, आणि म्हणाली, "आन् नाव आलं तं खेळशीन कोन्त्या पायानं?"
यादी उद्या लागेल. फार दुखतंय. आणि मी इतकी खूश आहे की आईकडे बघवत नाहीये.