बारा बोटं जास्तीचा पडदा

तीर्थरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. (डोकं सध्या फारसं उपयोगाचं राहिलेलं नाही, तेव्हा थोडा वेळ तिथेच राहू दे.) इकडे सगळे धडधाकट आहेत. बाबांचा खोकला गेला, काकांचा राग अजून जायचा आहे, आणि आई म्हणते की तू गेल्यापासून घरात तिचं ऐकणारं कोणी नाही. पूर्वीही नव्हतं, पण निदान तू मान तरी हलवायचीस. तुझा गुडघा कसा आहे? दादा सांगत होता की लिफ्ट बिघडल्यापासून तू रोज चार जिने चढतेस-उतरतेस, तेही त्याच्या पुढे. तू गुडघ्याचं कारण सांगून त्याच्याकडे राहायला गेलीस, म्हणून काळजीने विचारते आहे. तीन आठवडे तू माझा फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र आपल्या टेम्पोवाल्याच्या हाती देते आहे. तो माणूस हातात वस्तू दिल्याशिवाय आणि सही घेतल्याशिवाय हलत नाही, हे तूच त्याला शिकवलं आहेस.

त्या बैठकीचं मला आठवत नाही असं समजू नकोस. आपली पडद्यांची दुकानं दोन झाली, वेबसाइटवर ऑर्डरी येऊ लागल्या, आणि निरोप इकडून तिकडे जाईपर्यंत गिऱ्हाईक कंटाळू लागलं, तेव्हा काकांनी मला सांगितलं की तू शिकलेली आहेस, तर एखादी अशी संगणकाची व्यवस्था निवड की जी फोन, वेबसाइट, कापणी आणि टेम्पो हे सगळं एकमेकांना जोडेल आणि माहिती आपोआप पुढे पाठवेल. घरातली पहिली पदवीधर म्हणून मी ते इतकं मनावर घेतलं की चार रंगांत नकाशा काढला. त्यात बाबांच्या मापापासून मास्तरांच्या कात्रीपर्यंत बाण होते, आणि मधल्या तुझ्या टेबलावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'अनावश्यक टप्पा'. कामगारांचे श्रम वाचावेत, कोणाला एकच आकडा तीनदा लिहावा लागू नये, हा माझा हेतू. तू पेनाला टोपण लावलंस आणि म्हणालीस, "गुडघा दुखतोय." (मला वाटलं, खरंच दुखतोय. इतकी मी शिकलेली.)

मग शोध सुरू झाला. पहिल्या कंपनीचा माणूस आला, त्याला आम्ही होकारबुवा म्हणायचो, कारण तो प्रश्न संपायच्या आतच हो म्हणायचा. त्याची व्यवस्था चारशे निरनिराळ्या प्रणालींशी जोडता येत होती. त्यांतली एकही आपल्याकडे नव्हती. आपल्याकडे एक फोन, एक वेबसाइट, एक वही आणि काका. काकांशी जोडता येईल का असं बाबांनी विचारलं, त्यालाही तो हो म्हणाला, तेव्हा आमचा त्याच्यावरचा विश्वास उडाला. दुसऱ्या कंपनीची बाई हुशार होती. तिच्या व्यवस्थेत वाटेल ते करता येत होतं, फक्त ते संगणकाच्या भाषेत लिहावं लागत होतं. अगदी कोणालाही जमेल, असं सांगत तिने एक ओळ लिहायला स्वतःच पाऊण तास घेतला आणि शेवटी पाणी मागितलं. तिसरी व्यवस्था साधी होती: चौकटी काढायच्या, बाण जोडायचे, संपलं. मी सव्वीस प्रश्नांची यादी केली होती, पण कामाचा प्रश्न सत्ताविसावा निघाला, आणि तो इस्त्रीवाल्या मावशींनी दारातून विचारला: "चुकलं तर कोणाला कळणार?" मी त्यांना समजावून सांगितलं की माणूस मध्ये नसला की चूकच होत नाही. त्या माझ्याकडे बघून पुन्हा इस्त्री करायला गेल्या.

तिसरीवरच चाचणी घ्यायची ठरली, आणि बळी म्हणून दातांचे डॉक्टर मिळाले. त्यांच्या दवाखान्याच्या सात खिडक्या. बाबांनी मापं घेतली, काकांनी ती संगणकात भरली, आणि व्यवस्थेने ती पापणी लवायच्या आत मास्तरांच्या टेबलावरच्या पडद्यावर (संगणकाच्या, कापडाच्या नव्हे) पोचवली. मला इतका आनंद झाला की मी त्या यंत्राला शाबास म्हणाले. चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. अतिशय शांतपणे त्यांनी सांगितलं की खिडकीखालच्या बाकावर बसलेले पेशंट त्यांना सापडत नाहीत. पडदे जास्त लांब होऊन बाकावर उतरले होते, आणि दुखऱ्या दातांची माणसं आधीच लपायला जागा शोधत असतात.

पडदे उलगडून मोजले. प्रत्येक पडदा बरोबर बारा बोटं जास्त. एकही अकरा नाही, एकही तेरा नाही. मी यंत्राला दोष देऊन पाहिला, पण ते बिचारं मिळालेला आकडा जसाच्या तसा पुढे देत होतं. मग मी तुझी जुनी वही काढली. प्रत्येक मापाशेजारी पेन्सिलीने बारीक आकडा, आणि तो नेहमी आठ बोटांनी कमी. आत्या, मला तेव्हा कुठे उलगडलं. बाबा माप घेताना चार बोटं वाढवतात, कारण कापड आखडतं. काका लिहिताना चार वाढवतात, कारण बाबा घाईत मोजतात. मास्तर कापताना चार वाढवतात, कारण दोघेही मालक आहेत आणि मालकांचं कधी बरोबर नसतं. आणि तू मधल्या टेबलावर बसून, कोणाला न दुखावता, आखडण्यापुरती चार ठेवून आठ काढून टाकत होतीस. एकोणीस वर्षं. एका पानावर तर लिहिलं आहे, 'मास्तर रजेवर, बदली कारागीर सरळ आहे, चारच वजा.' ते पान मी दोनदा वाचलं आणि मग थोडा वेळ स्टोअरमध्ये जाऊन बसले.

तिघांना विचारलं. तिघांनीही आपण कधी काही वाढवत नाही असं सांगितलं, आणि प्रत्येकाने खासगीत उरलेल्या दोघांची नावं घेतली. तेव्हा मी यंत्रात नियम घातला: सरसकट आठ बोटं वजा. आपल्या ऑफिसच्या खिडकीचा पडदा नमुन्यादाखल शिवला, तर तो आखूड. बाबांना मनातून लाज वाटली होती, म्हणून त्यांनी गुपचूप वाढवणं बंद केलं होतं. काकांनी मात्र बाबा आता कमी मोजणार हे ओळखून सहा वाढवली होती, आणि मास्तर रुसून काहीच वाढवत नव्हते. आता सांग, असा नियम कोणत्या चौकटीत लिहायचा? यंत्राला बोटं वजा करता येतात, पण कोण कोणावर रुसला आहे हे कोण सांगणार?

आता मुद्द्याचं. एका हॉटेलच्या अठ्ठेचाळीस खिडक्यांचं कापड येऊन पडलं आहे. कापणी आज सुरू झाली नाही तर हॉटेलवाले दुसरीकडे जातील, आणि चुकीची झाली तर ते तर जातीलच, पण कापडही जाईल. काकांनी मला सांगितलं आहे की या खेपेला चुकलं तर संगणक गुंडाळायचे आणि मी काउंटरवर बसून कापडाचे नमुने दाखवायचे. मला त्याचं फार वाईट वाटणार नाही. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. कॉलेजचा फॉर्म भरायला सगळ्यांच्या विरोधात तू माझ्याबरोबर रांगेत उभी राहिलीस, आणि त्या शिक्षणाचा पहिला उपयोग मी तुला खोडून टाकायला केला. चुकले. हे बैठकीत सर्वांसमोर म्हणायचं होतं, तेही म्हटलं आहे. काकांनी मान खाली घातली. हे तुला सांगायचं नाही असं ते म्हणाले, म्हणून सांगते आहे.

दादाला, वहिनीला नमस्कार. गुडघ्याला खरंच जप.

तुझी, पदवीधर असूनही,
भाची

ता. क. व्यवस्था निवडली. तिसरीच. तिच्यात एक सोय आहे जी मी आधी बिनकामाची समजले होते: एखाद्या चौकटीत माणूस बसवता येतो, आणि त्याने हो म्हटल्याशिवाय बाण पुढे सरकत नाही. कुठूनही, मोबाईलवरून. कोणाच्या घरचे जिने उतरावे लागत नाहीत.

ता. क. दुसरा. तुला विचारून मगच करणार होते, पण तू फोन उचलत नाहीस. तेव्हा मधल्या चौकटीत तुझा नंबर घातला आहे. पगार पूर्वीचाच, आणि चौकटीचं नाव काकांनी स्वतः टाइप केलं: 'ताई'.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र हेच. आज सकाळपासून तुझा मोबाईल वाजतो आहे, त्या माझ्या विनवण्या नाहीत, अठ्ठेचाळीस खिडक्या आहेत. मास्तर कात्री धरून उभे आहेत. प्रत्येक मापाखाली दोन बटणं दिसतील, 'मंजूर' आणि 'परत पाठवा'. आकडा बदलून मंजूर केलंस तर कापणी सुरू होईल. रागाने सगळं परत पाठवलंस तरी हरकत नाही; ते माझ्याकडे येतं, आणि मग मी ते घेऊन चार जिने चढून तुझ्याकडे येते.