दोनशे सतरावं चित्र

ताई,
नमस्कार लिहायला तोंड उरलं नाही.

विभागीय चित्रप्रदर्शन यंदा ऑनलाइन झालं, मी परीक्षक होतो. नावं झाकलेली चारशे चित्रं मी न्हाव्याच्या खुर्चीत बसून मोबाइलवर उरकली. अंगठ्याने एक डावीकडे ढकललं, की पुढचं. अगं, भाजी घेणारासुद्धा जुडी उलटून बघतो! वर न्हाव्याला ऐकवलं, "नुसता कचरा येतो हो." तो म्हणाला, "साहेब, मान हलवू नका."

निकाल लागल्यावर नाकारलेली चित्रं सहज मोठी करून पाहिली. दोनशे सतराव्याच्या कोपऱ्यात सहीऐवजी रंगात उमटवलेला अंगठा होता, मधोमध चिरलेला. मला चित्रकला शिकता यावी म्हणून तू दिवसभर कपडे शिवायचीस, तेव्हा मशीनची सुई घुसून तुझा अंगठा अस्साच चिरला होता. किळस आली मला स्वतःच्या अंगठ्याची.

आज सकाळी तुझा फोन आला.
"मीही चित्र पाठवलं होतं रे. वशिला नको म्हणून तुला बोलले नाही. नंबर नाही लागला. पण नीट पाहिलं असेल ना तुम्ही?"
"अगदी बारकाईनं," मी म्हणालो.
"मग झालं तर. जेवलास का?"

हे पत्र टाकायचीही माझी हिंमत नाही.

तुझा लाडका भाऊ. थू!