तीन मिलिमीटर जास्त

गुरुवार, धाहरान, सौदी अरेबिया

रुबीनाच्या नव्या होल्स्टरमध्ये पिस्तूल कमरेच्या पट्ट्यापासून त्रेपन्न मिलिमीटर दूर राहतं. उद्याच्या नेमबाजी सामन्यात आमच्या गटाची मर्यादा पन्नास. आज रेंजवर मीच मोजलं. पट्टा बांधून समोर उभी राहिली आणि म्हणाली, "तू इंजिनिअर ना गो, बघ, बसतंय का नियमात?"

मी कॅलिपर मिटला. "बसतंय."

का म्हटलं? मोजण्यात मी चुकत नाही. मी नियमावली तीनदा वाचून माझं होल्स्टर निवडलं. ही रत्नागिरीची बया शेजारच्या खोबर शहरातल्या दुकानात गेली, दिसायला आवडलं ते उचललं. तरी प्रशिक्षक सगळ्यांना सांगतात, हिचा हात बघा. माझ्या हाताबद्दल आजवर कोणी बोललेलं नाही. उद्या सामन्याआधी पंच मोजतील, तिला खुल्या गटात टाकतील आणि आमच्या गटात मी पहिली येईन. तीन मिलिमीटरमुळे.

आत्ता तिला फोन केला. "मी चुकीचं सांगितलं. पट्टा आणि होल्स्टरच्या मधली चकती काढ, तीन मिलिमीटर जास्त आहे."

"वाचवलंस गो!" ती हसली. तेव्हाच का नाही सांगितलंस, हे तिने विचारलंच नाही.

उद्या ती नियमात बसेल आणि मला हरवेलही. विचारलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.