पायताणं घालेपर्यंतचं गाणं

माय,

काल दुपारी सूनबाईच्या मोबाईलवर ते गाणं लागलं. इथं बीडला, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मी पीठ मळत होते. पहिलं कडवं संपलं तसा माझा हात आपोआप थांबला, आता बंद होणार म्हणून. झालं नाही बंद. बाई गातच राहिली, दुसरं कडवं, तिसरं, पार शेवटापर्यंत. सून म्हणाली, "काय झालं, आई?" म्हटलं, काही नाही, पीठ सैल झालं. आता तिला काय सांगू, की पन्नास वर्षं उलटली तरी माझा कान अजून गावच्या सोसायटीच्या रेडिओवरच अडकून बसलाय!

आपल्या स्वयंपाकघराची मागची भिंत आणि शेतकी सोसायटीच्या खोलीची भिंत एकच होती. अण्णा चेअरमन, जागा त्यांनीच दिलेली, आणि शेतीच्या बातम्या ऐकायला म्हणून सोसायटीला मिळालेला रेडिओ त्याच भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेला. संध्याकाळी गावची माणसं जमायची, बाजारभाव ऐकायची, हवामान ऐकायची, आणि पावसाचं नाव निघालं नाही की कुणीतरी म्हणायचं, "उठा बे, आज बी न्हाई." तेवढ्यात गाण्यांचा कार्यक्रम सुरू व्हायचा. दारातल्या ढिगातून आपापली पायताणं शोधून, पायात घालून शेवटचा माणूस पायरी उतरेपर्यंत अण्णा रेडिओ चालू ठेवायचे आणि मग खटकन बंद. सेल वाचले पाहिजेत ना! तेवढ्या वेळात बसायचं एक धृपद आणि एक कडवं. एखाद्याचा जोड सापडत नसला की तू चुलीपुढं बसून हात जोडायचीस, "सापडू नगं देऊ रे बापा, आजून थोडं."

गाणाऱ्यांची नावं तुला कुणी सांगितली नव्हती. बाया सोसायटीची पायरी चढत नव्हत्या, आणि चेअरमनच्या बायकोनं तर त्या अंगाला बघायचंही नाही. मग तूच नावं ठेवलीस. बारीक आवाजाची, चढत चढत पार आढ्याला पोचणारी, ती धाकली. भरल्या, जरा घोगऱ्या आवाजाची ती थोरली. नाकात गाणारे ते सर्दीवाले भावजी. "आज भावजीला लई कोंडलंय गं," असं तू म्हणालीस की मी हसून हसून लोळायची. धाकली, थोरली आणि भावजी जणू पलीकडच्या घरी राहायला होते, आणि तू त्यांच्याशी भिंतीआडून नातं जुळवलं होतंस.

पण गाणी सगळी अर्ध्यात तुटलेली. तुझ्या जिवाला ते चैन पडू द्यायचं नाही. भाकरी थापता थापता तू धाकलीचं पहिलं कडवं म्हणायचीस आणि तिथं न थांबता त्याच चालीत पुढचं स्वतःचं घालायचीस. आधी नुसतं गुणगुणणं, मग एखादा शब्द, दोन-तीन दिवसांनी सबंध ओळ. कुणी विचारलं, "हे काय म्हणती गं?" तर तुझं उत्तर ठरलेलं. "माजं कुठलं? रेडिवोत हाय तसं." रेडिओतल्या बाईनं सासरचं काहीही गाऱ्हाणं सांगावं, तिला कोण विचारतो? तुला मात्र विचारायला सगळं घर बसलं होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावच्या बाया पाझर तलावाच्या कामावर जायला लागल्या. उन्हात माती वाहून त्यांच्या डोक्याला टोपल्याचे घट्टे पडले होते, खायला रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकर, पण संध्याकाळी दहाजणी मिळून बोलत, एकमेकींची टर उडवत घरी यायच्या. तू दाराच्या फटीतून बघायचीस. एकदा तू भीत भीत विचारलंस, मी बी जाऊ का? अण्णांनी एवढंच म्हटलं, "चेअरमनची बाई टोपलं उचलणार व्हय?" विषय संपला. त्या वर्षी पंचमीला मामाही तुला न्यायला आला नाही. दर साली दिंद्रुडहून गाडी यायची, पण बैलं छावणीवर गेलती, गाडीला जुंपणार काय? तू आठ दिवस वाट पाहिलीस. त्याच आठ दिवसांत धाकलीच्या त्या गाण्याला तू पुढचं कडवं जोडलंस. त्यात मामाची गाडी होती, आटलेली विहीर होती आणि भिंत होती. एवढं मला पक्कं आठवतं.

मी तेव्हा नववीत. घरात वाचता येणारी बाई मी एकटी, आणि त्याचा माज काय विचारू नकोस. पंचमीच्या आधी अण्णांबरोबर वडवणीच्या बाजाराला गेले, तर स्टँडजवळ एक म्हातारा पोत्यावर गाण्यांची पातळ पुस्तकं मांडून बसलेला. गुलाबी कव्हरचं एक उघडलं आणि आपलं गाणं! सबंध, तिन्ही कडव्यांचं. खाऊचे पैसे मी त्याच्यावर घातले. मायला पंचमीला दाखवू, आता पुढचं कळेल तिला, पायताणांची वाट बघायला नको, असं म्हणत एसटीत सारखी पिशवीत हात घालून बघत होते. देवाशप्पथ, तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं.

पावसाचा पत्ता नव्हता तरी पंचमी आली. आत्याबाई माजलगावहून माहेरी आल्या होत्या. त्यांना माहेर होतं ना त्या साली. तुला बाहेर जाता येत नाही म्हणून बायाच आपल्या अंगणात आल्या, लिंबाला झोका बांधला, आणि रीतीप्रमाणं एकेकीची गाण्याची पाळी आली. तू पदर नीट केलास आणि धाकलीचं गाणं म्हणालीस. तुझा आवाज काही तिच्यासारखा नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू, वरच्या सुराला चिरका व्हायचा. पण दुसऱ्या कडव्याला बायांनी झोका थांबवला. तलावाच्या कामावरून आलेल्या शेजारच्या काकूंनी डोळ्याला पदर लावला. "कुणाचं गं हे?" "रेडिवोतलं हाय," तू म्हणालीस. आणि मी उठले. "न्हाई माय, आसं न्हाईच ते!" आत पळाले, पुस्तक आणलं आणि शाळेत धडा वाचतात तसं खणखणीत खरं कडवं वाचून दाखवलं. त्यात चांदणं होतं, फुलं होती. विहीर नव्हती, गाडी नव्हती, भिंत तर नव्हतीच. आत्याबाई झोक्यावरून खाली उतरल्या. "मंग वैनी, ते भिंतीचं कुठून आलं? आमच्या भावानं कोंडून घातलंय व्हय तुमाला?"

तू माझ्याकडं बघितलंस. चार शिव्या दिल्या असत्यास, एक ठेवून दिली असतीस, तर सुटले असते मी. तू म्हणालीस, "पुस्तकात हाय तेच खरं आसंल," आणि आत चुलीपाशी जाऊन बसलीस.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी रेडिओ कोनाड्यातून काढून पार वेशीजवळच्या चावडीत नेला. माणसांना सांगितलं, सगळ्यांच्या सोयीचं हाय. तुला काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी तू सवयीनं भिंतीशी बसलीस, पलीकडं पायताणं वाजली नाहीत, कुणी आलंच नव्हतं. मी पुस्तक घेऊन तुझ्याजवळ बसले, म्हटलं, वाचू का? तर तू ते हातातून काढून घेतलंस, पदरानं पुसलंस आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलंस. "ऱ्हाऊ दे. चांगलं हाय पुस्तक." त्यानंतर भाकरी थापताना तुझ्या घरात फक्त भाकरीचा आवाज होता.

पुढं माजलगावला धरण झालं, ऊस आला, अण्णा कारखान्याचे सभासद झाले आणि माझ्या भावानं तुला तुझा स्वतःचा रेडिओ आणून दिला. चुलीजवळ दिवसभर वाजायचा, गाणी सबंध. तू ऐकायचीस, पण परक्याच्या घरी पाहुणी बसावी तशी. एकदा मी धीर करून म्हटलं, "म्हण की माय तू बी." तू तव्यावरची भाकर उलटवलीस आणि म्हणालीस, "ती म्हणती की चांगलं. मी कशापायी मधी?" त्या दिवशी मी परत सासरी गेले ती एसटीत रडत गेले. चार वर्षांनी तू गेलीस, आणि ती विनवणी तेवढ्या एकदाच झाली.

आज घरात मी एकटी आहे. महिन्यापूर्वी माझ्याकडून गॅस चालू राहिला, तेव्हापासून कामावर जाताना मुलगा बाहेरून कुलूप लावतो. त्याचं चुकत नाही, मी विसरते हल्ली. म्हणून सकाळपासून कागद घेऊन बसले, म्हटलं तुझं कडवं लिहून ठेवू, तेही जायच्या आत. गाडी, विहीर, भिंत. हे तीनच शब्द हाताला लागतात माय, मधलं काहीच येत नाही. पुस्तकातलं मात्र तोंडपाठ आहे, चांदणं, फुलं, सगळं, एक अक्षर हलत नाही. सून म्हणते, मोबाईलमध्ये जगातली सगळी गाणी असतात. असतील. मी विचारायच्या भानगडीत पडले नाही.

हे पत्र मी पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे. पण एक राहिलं. ते कडवं तुझं आहे हे मला पुस्तक उघडायच्या आधीपासून ठाऊक होतं. एकेक ओळ जुळताना मीच तर चुलीपुढं बसून ऐकली होती, आणि तू रेडिओचं नाव कशासाठी घेतेस तेही मला कळत होतं. पण सगळ्या बाया तुझ्याकडं बघत होत्या गं, आणि वाचता मला येत होतं.