चौथ्या खेपेला मी सँडविच आणायला गेलो होतो

मेम्फिस, मंगळवार

आदरणीय ओझेलाताई,

कॉपरबेल रेकॉर्ड कंपनीने ज्यांचे आवाज पन्नास वर्षं पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंडून ठेवले, त्या सर्व पीडितांना उद्देशून हे पत्र आहे. सर्व पीडित म्हणजे तू आणि मी. (आपल्या चौकडीतले क्लिओफस आणि डोर्सी हे बंधू देवाघरी आहेत, तिथे तरी त्यांना गाऊ देत असतील.) तुझा गुडघा कसा आहे? डेट्रॉइटच्या थंडीत तो दुखणारच. मी तुला तिकडे जाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, चाळीस मिनिटं. माझी तब्येत उत्तम आहे. फक्त डॉक्टर म्हणतात, आवाजाला विश्रांती द्या. हा सल्ला मला आजवर चार डॉक्टरांनी, दोन पाद्र्यांनी आणि रबर कारखान्याच्या युनियनच्या अख्ख्या कार्यकारिणीने दिलेला आहे, त्यामुळे त्यात वैद्यकीय असं काही नसावं.

आपलं दुःख तुला नव्याने सांगायला नको, तरी सांगतो. १९७४ साली आपण 'हम्बल फोर' (नाव मी ठेवलं होतं) 'दाराला कडी नाही' हे गाणं गायला कॉपरबेलच्या स्टुडिओत गेलो. तू गाणार, क्लिओफस-डोर्सी मागे सूर धरणार आणि सुरुवातीला मी ऑर्गनच्या साथीवर चार शब्द बोलणार. त्या काळी अशा चार शब्दांशिवाय प्रेमाचं गाणं सुरूच होत नसे. संध्याकाळी मालक टटलसाहेब काचेच्या खोलीतून बाहेर आले, तुझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि एक अक्षर न बोलता निघून गेले. रेकॉर्ड निघाली नाही. त्या माणसाला आपला आवाज पसंत पडला नाही, हे तू मनाशी धरलंस. तेव्हापासून तू चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवतेस आणि सगळे गाऊ लागले की ओठ मिटून उभी राहतेस. मी मात्र गप्प बसलो नाही. या अन्यायावर मी तीनशेबारा भाषणं केली. त्यातली दोन लग्नांत केली.

तर आता ऐक. गेल्या महिन्यात मला मिस इमानी पर्डी नावाच्या बाईंचा फोन आला. कॉपरबेल कंपनी केव्हाच बुडाली. तिच्या सगळ्या टेपा विमानतळामागच्या एका थंडगार गोदामात पडून आहेत. त्या एकेक करून ऐकायच्या, हे बाईंचं काम. (जगात अशी नोकरी आहे हे मला आधी कळलं असतं, तर मी रबर घडवण्यात एकतीस वर्षं घालवली नसती.) त्यांनी विचारलं, "हम्बल फोरमधले थेरॉन गिलक्रिस्ट आपणच का? ते बोलणारे?" मी म्हणालो, "गाणारे." त्या "बरं" म्हणाल्या.

मी सूट घालून गेलो. कंपन्यांनी गरिबांचे आवाज कसे गिळले, यावर रोमन साम्राज्यापासून सुरुवात करून थोडं बोलायचं ठरवलं होतं. पण गोदामात श्रोते म्हणजे मिस इमानी आणि अकरा हजार खोकी. बाई म्हणाल्या, जुन्या टेपांना ओल धरते, त्या चिकट होतात, म्हणून वाजवण्याआधी मंद भट्टीत आठ तास भाजाव्या लागतात. आपली भाजून तयार होती. माझ्या बोलण्याला इतकी ऊब आजवर कोणी दिली नव्हती.

पहिली खेप, म्हणजे गाणं रेकॉर्ड करण्याचा आपला पहिला प्रयत्न, लागली. ऑर्गन सुरू झाला आणि माझा आवाज आला. ताई, काय आवाज होता! मी स्त्रीच्या वाट पाहण्याबद्दल बोलतो, तिथून दाराकडे येतो, दारावरून घरमालकांकडे आणि घरमालकांवरून रोमच्या पतनाकडे. मग काचेपलीकडून टटलसाहेब विचारतात, "थेरॉन, गाणं कधी लागणार?" मी म्हणतो, "साहेब, भूमिका स्पष्ट झाल्याशिवाय गाणं कसं लागेल?" दुसऱ्या खेपेत मी सात मिनिटं बोलतो. मागून क्लिओफस म्हणतो, "अरे बाबा, माझा पाय झोपला." तिसऱ्या खेपेत मी कापूसवेचणीपाशी पोचतो, तेव्हा तुझा आवाज येतो: "थेरॉन, पहिल्या ओळीसाठी घेतलेला श्वास मी मघापासून धरून ठेवलाय रे." त्यानंतर अकराव्या मिनिटाला टेप संपते. मिस इमानींनी मान खाली घातली होती. त्यांचे खांदे हलत होते. भाषण काळजाला भिडलं असावं.

चौथी खेप पुढच्या टेपेवर होती. ती मी ऐकलेलीच नव्हती. तेव्हा टटलसाहेबांनी मला नाक्यावरून चार पोर्क सँडविच आणायला पाठवलं होतं, वर कोबी घालून. मला तो विश्वासाचा भाग वाटला. (यायला उशीर झाला, सँडविचवाल्याचे युनियनविषयी काही गैरसमज होते.)

त्या खेपेत कोणी बोलत नाही. ऑर्गन दोन ओळी वाजतो आणि तू गातेस. दोन मिनिटं चाळीस सेकंद. त्याचं वर्णन मी करणार होतो, तीन वेळा सुरुवात केली, खोडलं. तुझा शेवटचा सूर थांबल्यावर टेपवर बराच वेळ काहीच नाही. मग टटलसाहेब हलक्या आवाजात कोणाला तरी म्हणतात, "बंद नको करूस. या पोरीला पुन्हा गा म्हणायची माझी छाती नाही." मग दार उघडल्याचा आवाज येतो. ताई, ते तेव्हाच बाहेर आले. मान हलवली ती तेव्हाच.

तर मग एवढं सोनं हाती असताना त्या धनदांडग्याने ते का पुरलं? हा प्रश्न मी येत्या रविवारी जाहीरपणे विचारणार आहे.

तुझा चुलतभाऊ,
थेरॉन

ता. क. रविवारचं भाषण रद्द केलं आहे. खोक्यात टेपेखाली एक पत्र निघालं. अकरा पानी, पाठपोट. अक्षर माझं. त्या रात्री घरी परतताना गाडीत क्लिओफसकडून मला कळलं होतं की माझ्यामागे माझ्याविना गाणं झालं. दुसऱ्याच दिवशी मी कंपनीला कळवलं की प्रस्तावनेशिवाय हे गाणं म्हणजे मुंडक्याविना धड आहे, ते बाजारात आणाल तर सगळा रबर कारखाना तुमच्या दारात बसवीन. खाली टटलसाहेबांनी पेन्सिलने लिहिलंय: 'पोरगी हिरा आहे. पण याच्याशी कोण भांडणार? ठेवून द्या.' हे पत्र मी विसरलो होतो असं तुला लिहिणार होतो. लिहिलंही. तो कागद फाडला. विसरलो नव्हतो. मी त्याला लढा म्हणत आलो.

ता. क. २. चौथी खेप आता रेकॉर्डवर काढायची आहे. हम्बल फोरपैकी जे हयात आहेत त्यांच्या सह्या लागतात. कागद सोबत आहे. मी सही केली. समासात काही लिहिलेलं नाही. (मिस इमानींनी समासावर हात ठेवला होता.) वीस तारखेपर्यंत कागद पोचला नाही तर खोकं परत फळीवर जाईल. माझ्यावर राग धर, जन्मभर धर, तुझा हक्क आहे, गाण्यावर नको.

ता. क. ३. बाईंनी विचारलं, सुरुवातीला तिसऱ्या खेपेतलं तुमचं थोडं बोलणं जोडू या का? मी म्हणालो, "नको." त्या थांबून राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढंच?" मी म्हणालो, "एवढंच."

ताई, सही कर.